नको, इकडं ये

माझ्या मुलाबद्दल माझी तक्रार एकच आहे आणि ती मी त्याच्या तोंडावर कितीदा तरी केली आहे. तो माया ठेवत नाही. कापडात म्हणते मी. आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. खाली दुकान, वर घर. पोरं काय, वर्षाला वीतभर वाढतात, म्हणून शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं सोडायचं, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. हा टेबलाएवढा होता तेव्हापासून मी त्याच्या कानीकपाळी ओरडतेय. पण हा कात्री अशी चालवतो जसं काही जगातलं कापड आजच संपणार आहे. मग गिऱ्हाईक भांडायला आलं की म्हणतो, "बसत नसेल तर परत घेऊन टाकू."

घरातही त्याचं तेच. काही उसवलं की टाका घालायचा नाही, बाजारातून नवीन काहीतरी आणायचं. ते जमलं नाही की परत करून मोकळं व्हायचं.

त्याची पहिली बायको आजारपणात गेली, दोन मुलगे मागं ठेवून. मोठा बोलायला लागला की सुटतो तो सुटतोच, म्हणून त्याला आम्ही रीळ म्हणतो. धाकटा गोल गरगरीत, बघावं तेव्हा कुठल्या तरी फडताळाखाली घुसलेला, म्हणून तो बटण. गेल्या थंडीत मुलानं दुसरं लग्न केलं. बाई चांगली आहे. काजं इतकी सुबक करते की मला खोड काढायला जागा मिळत नाही, आणि ते मला जरा खटकतंच. तिच्याबरोबर तिची मुलगी आली. रिळापेक्षा लहान, बटणापेक्षा मोठी.

पोरीत वाईट काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. रडायची नाही, मागायची नाही, दार आपटायची नाही. "भात वाढू का गं?" "नको." "खिडकीशी बसतेस?" "नको." ओठ जेमतेम हलवून बोलायची, जसं काही शब्दाला भाडं पडतं. आम्ही गणवेश शिवणारे, आणि ही नव्या शाळेत जुन्या शाळेचा निळा स्कर्ट घालून जायची. माप घेतो म्हटलं की, "नको."

अशात एका संध्याकाळी आमचे चिरंजीव बुटांच्या खोक्यात कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले. तपकिरी रंग, एक कान उभा, दुसरा इस्त्री न झालेल्या कॉलरसारखा पडलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"पिल्लू आहे, आई."

"ते दिसतंय. मला मोतीबिंदू झालाय, आंधळी नाही झाले मी. कशाला आणलंस?"

"तिघांचं मिळून एक. त्या निमित्तानं मुलं एकत्र येतील."

"तिघांना मिळून एक सदरा दिला तर एकत्र येतात का रे? फाटतो तो."

तो हसला. हसतो तेव्हा अगदी बटणासारखा दिसतो, म्हणून मी खोक्यात एक जुनं फडकं अंथरून दिलं.

पहिल्या दिवसापासून नावावरून जुंपली. मुलगा त्याला ब्रूनो म्हणे. रीळ म्हणे टायगर. बटण म्हणे भूभू. मी राजा म्हणायचे, कारण दुकानातल्या कुत्र्याला जरा वजन पाहिजे. सूनबाई कशातच पडली नाही आणि तिची पोरगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय वर घेऊन बसून राहिली. चार नावांनी हाका मारल्या की ते पिल्लू चौघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघायचं. मग दोघे नातू त्याच्या मागं धावायचे, एक पुढून धरायचा, एक मागून, आणि ते सुटून थेट माझ्या मशीनच्या पायडलखाली जाऊन बसायचं. माझी शिलाई बंद.

मुलगा मोबाईलवर बघून बघून शहाणा झाला होता. "हातानं भरवायचं म्हणजे ओळख होते," म्हणाला आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे तिघांच्या हातात द्यायला निघाला. रिळानं आपला वाटा भरवण्याऐवजी फेकला. बटणानं स्वतःच खाल्ला. पोरीपुढं हात केला तर ती म्हणाली, "नको."

आणि दुकानात त्या पिल्लानं जो उच्छाद मांडला! टेप ओढायचं, खडू चघळायचं, बाहीचे तुकडे पळवायचं. दिवसभर सगळ्यांचं एकच चाललेलं. मी इकडून ओरडायचे, कारागीर तिकडून, मुलगा कात्री थांबवून. "नको रे! इस्त्रीकडं नको! नको म्हटलं ना!"

सुई टोचायला त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं तेव्हा झाडून सगळे गेलो. बाई तरुण, पण हात भरवशाचे. त्यांनी विचारलं, "नाव काय ह्याचं?" आणि आम्ही चौघांनी चार नावं एकदम सांगितली. बाईंनी चारही नावांनी हाक मारून बघितली. पिल्लू त्यांच्या बाहीचा वास घेत बसलं.

"ह्याला अजून कळलंच नाही की आपल्याला हाक मारतात," बाई म्हणाल्या. "एकच नाव ठरवा. त्याच्या मागं धावू नका. उचलू नका सारखं. जमिनीवर बसायचं आणि तो आपणहून येईपर्यंत वाट बघायची." मग पोरीकडं वळून म्हणाल्या, "तू सांगतेस का एखादं नाव?"

"नको," पोरगी म्हणाली.

पिल्लानं मान वळवली. तेव्हा कुणी ते मनावर घेतलं नाही. बाईंनीही नाही.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी शेवटचं बघू. नाही जमलं तर ज्याचं त्याला परत देऊन टाकू. उगीच मुक्या जिवाचे हाल." मी वर गेले तर सूनबाई कॉटवर बसून पोरीच्या फ्रॉकच्या घड्या घालत होती. एकच घडी, पुन्हा पुन्हा बोटानं दाबत होती.

"स्वारी कुठं निघाली?" मी विचारलं.

"ती निघालीय, आई. माझ्या आईकडं राहील. सुट्टीच्या दिवशी माझा भाऊ येईल न्यायला."

"असं तिनं म्हटलं का तुझ्या नवऱ्यानं?"

"ह्यांनी तिला नीट जवळ बसवून विचारलं, इथं राहायचंय ना तुला? ती नको म्हणाली."

"ती भातालाही नको म्हणते. म्हणून तू तिला उपाशी झोपवतेस का?"

तिनं वर बघितलं. डोळे भरलेले. "मला कळत नाही, आई. जबरदस्ती करून ठेवावं आणि तिनं आतल्या आत मिटत जावं... मग मी कुठं बघू?"

अडलं की मी कापड बघते. तिच्या हातातला फ्रॉक घेऊन काठ उलटला. आत चार बोटं माया होती, बारीक कच्च्या टाक्यानं धरलेली.

"कुणी शिवला?"

"मीच. ती इतकी लहान होती तेव्हा. दोनदा वाढवलाय."

"अजून एकदा वाढेल," मी म्हणाले आणि खाली आले.

सुट्टीच्या दिवशी कापायचं टेबल भिंतीला लावलं. जमिनीवरच्या टाचण्या लोहचुंबक फिरवून उचलल्या, कारण पिल्लाच्या पंजात जायच्या. मोबाईलवर शिकलेल्या आमच्या पंडितानं ठरवलं होतं की मुलांनी तीन कोपऱ्यांत बसून हाक मारायची, ज्याच्याकडं ते जाईल त्याचं नाव कायम. पोरीनं कोपरा घेतला नाही. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली, ती पायरीवर, बूट घालून. सूनबाई काउंटरच्या मागं उभी राहून झालेलीच काजं पुन्हा तपासत होती.

"टायगर! टायगर, टायगर, ये, इकडं बघ, टायगर, ए मूर्खा!" रीळ सुटला.

"भूभू!" बटण बेंबीच्या देठापासून.

पिल्लू मधोमध बसून पायानं कान खाजवत राहिलं. "ब्रूनो," मुलगा हळूच म्हणाला, खरं तर त्याचा डाव नव्हता. मीही घसा साफ केल्यासारखं करून "राजा" म्हणून घेतलं. त्यानं जांभई दिली.

शेवटी बटण रडकुंडीला आला आणि पायरीकडं बघून ओरडला, "तू पण मार ना हाक! तू मारतच नाहीस!"

"नको," ती म्हणाली.

पिल्लाचा पडका कान ताठ उभा राहिला. ते उठलं आणि धावलं. गुळगुळीत फरशीवर घसरलं, पायरीवर डोकं आपटलं, तरी चढलं आणि थेट तिच्या मांडीत. पोरीनं दोन्ही हात वर धरले, आपण माप घेताना पोरं धरतात तसे. ते तिच्या काखेत नाक खुपसून शेपटी हलवत राहिलं. हात हळूहळू खाली आले. कुठं ठेवावेत ते तिला कळेना, मग पाठीवर ठेवले.

"चुकून गेलं," रीळ म्हणाला. "थांब. मी धरतो त्याला, तू तिकडं जा, कपाटामागं. परत म्हण."

ती गेली. कपाटामागून आवाज आला, "नको." ह्या वेळी जरा मोठ्यानं. रिळाच्या हातून पिल्लू असं निसटलं की त्याच्या हातात नुसती केसं राहिली.

"अरे, ह्याचं नाव नको आहे!" रीळ किंचाळला. "नको! ए नको, इकडं ये!" आणि ते खरंच आलं त्याच्याकडं, मग बटणाकडं, मग परत तिच्याकडं. बटण जमिनीवर लोळून हसायला लागला.

"मग आता ह्याला नको म्हणायचं असेल तर काय म्हणायचं?" रिळानं विचारलं.

"हो म्हणायचं!" बटण म्हणाला.

तेव्हा ती हसली. मोठ्यानं, तोंड उघडून. आणि वरच्या ओळीत समोरचा एक दात नव्हता. अख्ख्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सूनबाईच्या हातातला सदरा खाली पडला. "अगं, हा कधी पडला?"

"केव्हाच," पोरगी म्हणाली आणि तोंडावर हात नेला. पण पिल्लानं तो हात चाटून बाजूला केला.

"पण तुला कसं कळलं त्याचं नाव?" रीळ अजून तिथंच अडकला होता.

"सगळे त्याला तेच म्हणतात ना," ती म्हणाली. पिल्लाचा कान बोटांत धरून जरा थांबली. "मला पण."

आमचीच वाक्यं मला आठवायला लागली. डबा उचलू नको, जड होईल. केर काढू नको, तू बस. मशीनला हात लावू नको, सुई लागेल. ह्यातलं बरंचसं माझ्या आवाजातलं होतं, ते मला ऐकू येत होतं. पाहुण्याच्या पोरीला जपावं तसं जपलं होतं तिला.

मी खुर्चीतून उठले. "ए पोरी, ते लोहचुंबक घे आणि टेबलाखालून फिरव. ह्या दोघांनी वरवरच्या टाचण्या उचलल्यात. त्याच्या पंजात गेली तर तू जबाबदार."

तिनं आईकडं बघितलं नाही. "हो," म्हणाली. बूट काढून बाजूला ठेवले आणि टेबलाखाली शिरली. मागोमाग पिल्लू, त्याच्या मागं बटण, आणि रीळ बाहेरून सूचना देत.

तेवढ्यात तिचा मामा आला, हातात हेल्मेट, दारात घुटमळत. आणि आमच्या चिरंजीवांनी काय करावं? सवयीनं ती पिशवी उचलली.

"ठेव ती खाली," मी म्हणाले.

"आई, तिनंच सांगितलं होतं ना. जबरदस्तीनं कुणी कुणाचं होत नाही." पाठवायची हौस त्यालाही नव्हती. त्याला फक्त धरून ठेवायची भीती वाटते, बायको गेल्यापासून.

म्हणून मी आवाज उतरवला, पण सांगायचं ते सांगितलं. "हे बघ. कुत्रं परत जाणार नाही आणि पोरगीही. तिच्या मामाला खुर्ची दे, चहा दे, भाचीचा पडलेला दात दाखव. बसत नाही तर परत घ्या, हे गिऱ्हाइकाला सांगत जा, मला सांगू नको."

टेबलाखालून पिल्लू सुसाट आलं आणि पुढचे दोन्ही पाय माझ्या गुडघ्यावर ठेवून उभं राहिलं. मागून पोरगी बाहेर आली, हातातल्या लोहचुंबकाला टाचण्यांची दाढी फुटलेली. मी तिला खांद्याला धरून मुलाच्या समोर उभं केलं.

"ह्याला हाक मारली की कळतं तरी. तुला अजून शिकवावं लागतंय. टेप आण, हिचं माप घे आणि आजच्या आज गणवेश काप. चार बोटं माया ठेवून. मी उलटून बघणार आहे."