त्सेलरबाईंची चिठ्ठी

जर्मनीतल्या आमच्या नेकार नदीकाठच्या गावात मे महिन्यातल्या एका रविवारी जुन्या गाड्यांचे मालक वृद्धाश्रमातल्या मंडळींना मठापर्यंत फिरवून आणतात. कोण कुठल्या गाडीत ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि निघालेली चिठ्ठी मालकाने नाकारायची नाही.

यंदा त्सेलरबाईंना हार्टमुटची लाल स्पोर्ट्सकार निघाली. बाई चौऱ्याऐंशीच्या. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. सणाच्या रविवारी प्रवचन गाऊन व्हायचं, तेव्हा बाईंची साथ असली की शब्द थेट काळजात उतरायचा. माझी श्रद्धा टिकली ती निम्मी त्या साथीवर.

हार्टमुटचा चेहरा उतरला. जगात असल्या तीनशेच गाड्या. त्याची सतरा वर्षांत सहाशे अकरा किलोमीटर पळालेली. तो ती ट्रेलरवरून आणतो, वृद्धाश्रमाच्या फाटकाशी लावतो, लोक बघतात, परत नेतो. गाडी इतकी बुटकी, की चिठ्ठी निघालेली म्हातारी माणसं आपणच नको म्हणायची.

"बाई, यात बसायचं म्हणजे भुईवर बसायचं," तो म्हणाला. "एकेहार्टच्या गाडीत जा. नुसता सोफा आहे."

एकेहार्ट म्हणजे मी. माझी काळी सेडान बहात्तर सालची, मागे पाय पसरून बसावं अशी.

"सोफा खरा," मी म्हणालो, "पण चार लाख किलोमीटर चाललेला. तुझे टायर तरी झिजलेत का कधी?"

"झिजवायला नाही घेतली."

"मग कपाटात ठेव की, कपबशांशेजारी."

"भांडता काय रे पोरांनो," बाई म्हणाल्या. "दार उघड."

वॉकर माझ्या हातात देऊन त्या पाठमोऱ्या झाल्या, गाडीच्या रुंद कडेवर टेकल्या, सरकल्या, दोन्ही पाय जुळवून उचलले आणि अलगद आत फिरवले. कुठे धक्का नाही. ऑर्गनच्या बाकावर, पायाने वाजवायच्या खालच्या पट्ट्यांना पाय न लावता, त्या जन्मभर अशाच बसत आल्या होत्या.

हार्टमुट बाहेरच उभा. "बाई, खरं सांगतो. एकेक किलोमीटर जिवावर येतो माझ्या."

"मी ऑर्गन असाच जपला असता, तर तुझ्या लग्नात काय वाजलं असतं रे?"

तो आत बसला आणि किल्ली फिरवली.

वॉकर काही त्या गाडीत मावेना. तो आला माझ्याकडे. ज्या आजोबांची चिठ्ठी मला निघाली होती ते पुढे बसले, मागे ऐसपैस वॉकर, आणि आम्ही लाल गाडीच्या मागोमाग.

मठाशी थांबलो. बाई डोळे मिटून इंजिन ऐकत होत्या.

"एक नळी मागे पडतेय," त्या म्हणाल्या. "पडून राहिल्याने होतं तसं. आमच्या ऑर्गनच्याही नळ्या हिवाळाभर वाजवल्या नाहीत की अशाच रुसायच्या."

हार्टमुटने कान लावला. मग मीही. खरंच होतं.

परतीचा रस्ता सात किलोमीटरांचा. फाट्यावर मी डावीकडे, गावाकडे वळलो. लाल गाडी सरळ, नदीच्या लांबच्या रस्त्याने गेली. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी वॉकर धरून मी पाऊण तास उभा होतो.