ईवनचं पिंप

मी एक जुनी पहारेकरी नौका आहे, मित्रांनो. अटलांटिकच्या तळाशी गाळात रुतून बसले आहे, म्हणून माझा रागही बुडाला असं मात्र समजू नका. तो अजून जसाच्या तसा आहे.

स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या काठी माझा जन्म झाला. दुसरं महायुद्ध पेटलं होतं, घाई होती, म्हणून देवमासे मारणाऱ्या बोटीच्या नमुन्यावर मला ठोकून-ठाकून उभं केलं. माझ्या जातीच्या नौकांना फुलांची नावं द्यायचे. माझ्या वाट्याला आलं रॅगवर्ट! दिसायला पिवळं, गोजिरं. पण ते तण आहे, आणि घोड्याने खाल्लं तर घोडा मरतो. मला ते नाव फार आवडलं.

माझं काम राखणदाराचं. धान्य, तेल, लाकूड घेऊन मालवाहू जहाजांचा तांडा समुद्र ओलांडायचा आणि मी त्याच्या कडेकडेने धावायची. पाण्याखाली शत्रूच्या पाणबुड्या टपलेल्या असत. त्यांच्यासाठी माझ्या शेपटाकडे स्फोटकांनी भरलेली पिंपं रचलेली होती. प्रत्येक पिंपाला एक खाच होती. चावी घालून किती खोलीवर फुटायचं ते ठरवायचं, आणि हल्ला संपला की चावी उलटी फिरवून पिंप निर्धोक करायचं. मग ते कितीही खोल गेलं तरी फुटत नाही. हे काम डूगल मॅकास्किलचं. स्काय बेटावरचा कोळी, बोलायला कमी, हाताला पक्का.

डूगलचा धाकटा भाऊ ईवन आमच्याच तांड्यातल्या एका तेलवाहू जहाजावर होता. एका संध्याकाळी पाणबुडीच्या पाणतीराने, म्हणजे टॉर्पेडोने, ते जहाज पेटलं. मी तांड्याच्या पलीकडच्या बाजूला होते. जीव तोडून धावले, पण पोहोचले तेव्हा पाण्यावर नुसतं तेल जळत होतं. डूगल कठड्याला धरून उभा राहिला. रडला नाही. मी मात्र त्याच क्षणी मनाशी म्हटलं, थांब गं पाणबुडे, तुला फाडल्याशिवाय मी गंज चढू देणार नाही.

आमचा स्वयंपाकी विल्फ गॅरसाइड. लठ्ठ, तोंडाळ, अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या दिवशी तो पांढरा रंग घेऊन आला आणि रांगेतल्या पहिल्या पिंपावर त्याने लिहिलं, 'ईवनकडून'. कप्तान पेनहॅलोंनी ते वाचलं आणि तसंच राहू दिलं. खलाशी येता-जाता त्या पिंपाला थाप मारू लागले. मलाही ती थाप गोड लागायची.

पण एक गोष्ट कप्तानांना ठाऊक नव्हती. हल्ला संपल्यावर डूगल सगळी पिंपं निर्धोक करायचा, फक्त ते एक सोडून. ते कायम पन्नास फुटांवर लावलेलं असायचं, म्हणजे पाणबुडी दिसली रे दिसली की ढकलायचाच अवकाश. हे विल्फने एकदा पाहिलं.

"अरे मुडद्या, हे काय? चावी फिरव!"

"नाही फिरवणार."

"आपणच बुडालो तर? आपल्याच बुडाखाली फुटेल ते."

"आपण बुडायचोच नाही. आधी ती बुडेल."

"शहाणाच आहेस! उद्या कप्तानसाहेबांना सांगतो की नाही बघ."

"सांग."

विल्फ पाय आपटत गेला आणि परत आला तो कोकोचा मग घेऊन. "ढोस हा. आणि मी काही पाहिलेलं नाही, कळलं?" तो त्याचा जिवलग होता हो, चुगली कशी करणार? मी तर मनातल्या मनात डूगलची पाठ थोपटली.

आणि मग ती आली. भर दुपारी, स्वच्छ उन्हात. आम्हाला तिची चाहूल लागण्याआधीच तिचा पाणतीर माझ्या तोंडात घुसला. माझं नाक तुटलं, मी पुढून खचले आणि माझं शेपूट वर उचललं गेलं. डूगल पाण्यात फेकला गेला. कप्तानांनी नौका सोडायचा हुकूम दिला आणि ओरडून विचारलं, "पिंपं निर्धोक आहेत ना?"

सगळे पाण्यात उड्या टाकत होते, आणि लठ्ठ विल्फ कठडा पकडत-पकडत वर, पिंपांकडे निघाला होता. एक चावी डूगलच्या खिशात आणि दुसरी पुढच्या कोठीत असायची, आणि कोठी केव्हाच पाण्याखाली गेली होती.

"डूगल! चावी! चावी फेक!"

डूगलने खिशातून चावी काढली. हात गारठले होते. जिवाच्या आकांताने त्याने ती भिरकावली. माझ्या पत्र्यावर टण्ण आवाज झाला, विल्फच्या हातापासून वीतभर खाली, आणि चावी पाण्यात गेली.

"लांब पोहा रे!" विल्फ ओरडला. "उताणे व्हा, नाहीतर स्फोटाचा दणका पोटात बसेल! लांब जा!" तो स्वतः तिथेच राहिला. खाचेत बोटं घालून ती फिरवू पाहत होता. बोटांनी फिरत असती तर चावी कशाला केली असती?

मी बुडाले. पन्नास फुटांवर ईवनचं पिंप फुटलं. अगदी सांगितलं होतं तसं, जराही न चुकता. विल्फ गेला, कप्तान गेले, पोहणारे कितीतरी गेले. डूगलला कुणी उचललं का, मला कळलं नाही. पाणबुडी माझ्यावरून सरकत निघून गेली, तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

मित्रांनो, वैर धरू नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मी आजही धरून आहे. ती पाणबुडी इथे कधी आली, तर उरलेली सगळी पिंपं तिच्या डोक्यात घालीन म्हणते, पण ती सगळी डूगलने निर्धोक करून ठेवलेली आहेत. तुम्हीही कुणावर डूख धरून असाल तर असा बापडे. फक्त रोज संध्याकाळी चावी फिरवून ठेवत जा. आणि तुमच्या आसपास कोण कोण पोहतंय, ते एकदा बघून घ्या.