फोनच्या पाठीवरचे ओरखडे

तिनं अण्णांचा फोन दिव्याखाली पालथा घातला आणि बोटभर तिरका केला. लगेच ओरखडे वर आले, एकापाठोपाठ एक, बारीक आणि पांढरे.

खोलीत बाकी अंधार होता. ओरखडे बघायचे तर अंधारच लागतो. दिवा एकच, तोही बाजूनं आलेला. उजेड सरळ पडला की काच अगदी साळसूद दिसते, आणि तिरका पडला की सगळं कबूल करते. या खोलीत तिची अकरा वर्षं गेली होती. पलीकडच्या खोलीत पिंप फिरत असे. त्यात फोनच्या पाठी टाकायच्या, काचेच्या, ॲल्युमिनियमच्या, प्लॅस्टिकच्या. बरोबर किल्ल्या, नाणी, कापडाच्या चिंध्या आणि मूठभर वाळू. आणि चार तास घुसळत ठेवायचं. पिंपातले चार तास म्हणजे माणसाच्या खिशातलं एक वर्ष, असं तिथं धरून चालत. दुपारी ती घरघर कानात मुरली की भिंती जरा लांब सरकल्यासारख्या वाटत, आणि बसल्या जागी आपण कुठंतरी तरंगतोय असा तिला भास होई. नोकरी म्हणून वाईट नव्हती. वस्तू खराब करण्याचा पगार जगात फार थोड्यांना मिळतो.

पण पिंप म्हणजे माणूस नव्हे. म्हणून सहा महिन्यांपूर्वी कंपनीनं काचेच्या पाठीचे चाळीस फोन खऱ्या माणसांना वापरायला दिले होते. परवा ते परत आले, प्रत्येकासोबत वापरणाऱ्यानं भरलेला कागद. त्यातला एक तिनं अण्णांना, आपल्या वडिलांना, दिला होता, आणि आता त्यांचा कागद तिच्यासमोर होता, वळणदार अक्षरातला. फोन कुठे ठेवता? उजव्या खिशात. सोबत काय असते? घराच्या दोन किल्ल्या. दिवसभराचा वावर? घर, चार ते सहा वाचनालय. ओरखड्यांचे कारण? किल्ल्या.

तिनं खोडरबर घेतलं आणि फोनची पाठ घासली. किल्ली काचेपेक्षा मऊ असते. ती काचेवर घासली तर काचेला काही होत नाही, किल्लीचाच अंश वर राहतो आणि खोडरबरानं निघून येतो. इथं काहीच निघालं नाही. हे ओरखडे खरे होते, काचेत उतरलेले, आणि अशा काचेला नमवायला वाळूच लागते.

अण्णांना हे ठाऊक नव्हतं म्हणावं तर तेही शक्य नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा ठेवताना त्यांचं ठरलेलं वाक्य असे, ‘काच खाली टेकवू नका आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू नका, धुळीत वाळू असते.’ घरात कुणी चष्मा पालथा ठेवला तर जेवण थांबायचं. असा माणूस किल्ल्यांचं नाव घेतो म्हणजे चक्क थाप मारतो. आणि सवय नसल्यामुळे वाईट मारतो.

“काय ताई, कुठं अडकलात?”

पिंपाचं काम बघणारे सहकारी दारात उभे होते. सगळे त्यांना पिंपाचे मालक म्हणत, आणि त्यांना ते आवडे.

“किल्ल्या लिहिलंय,” ती म्हणाली.

त्यांनी वाकून पाहिलं. “किल्ल्या कसल्या! वाळू आहे ही. आणि खिशातलीही नाही.”

“कशावरून?”

“खिशातले ओरखडे सैरावैरा पळतात. हे बघा, सगळे उभे, एकाच दिशेचे. कुणीतरी फोन वाळूत ठेवून ढकललाय. पुढं, मागं, पुढं, मागं.” त्यांनी हवेत हातानं गाडी चालवून दाखवली. “घुर्रर्र.”

ते हसत परत पिंपाकडे गेले. तिनं फोन उचलून कोऱ्या कागदावर हलकेच आपटला. चार्जिंगच्या भोकातून चार कण पडले. गोलसर, पिवळट, धुऊन चाळलेल्या वाळूचे. ती कणांकडे बघत राहिली. मग रविवार तिच्या डोळ्यांपुढे आला: भावाच्या घरी फरशीवर गुडघे टेकून टीव्हीचा रिमोट ढकलणारी तीन वर्षांची भाची, आणि तिच्या तोंडचं न थांबणारं घुर्रर्र.

तिनं कागद उचलून तिरका केला. कण घरंगळून टेबलावर गेले.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा भाऊ कामासाठी परगावी होता. शुक्रवारी निघतो म्हणाला आणि रविवारी निघाला. आई शनिवारी गेली. अण्णा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “आता कुणाला भेटायला आलास?” भाऊ उलट पावली फिरला. दोघं एकाच मातीचे. एक बोलला नाही म्हणून दुसरा बोलला नाही, आणि बघता बघता न बोलण्याचीच सवय झाली. भावाला मुलगी झाली तेव्हा अण्णांनी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. ती स्वतः दर रविवारी भावाकडे जाते हे त्यांना माहीत होतं; परत आल्यावर ते फक्त “जेवलीस?” एवढंच विचारत. एकदा भाजी चिरता चिरता ती सहज बोलल्यासारखं बोलून गेली होती की भावाच्या घरासमोरच बाग आहे, सांभाळणाऱ्या बाई रोज चारला पोरीला तिथं नेतात. अण्णांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं.

आणि आता भाऊ चालला होता. येत्या शनिवारी, बायको-मुलीसकट, साता समुद्रापार, निदान पाच वर्षांसाठी. अण्णांना शहात्तरावं चालू होतं. “तू सांग त्यांना,” भाऊ रविवारी म्हणाला होता. मग लगेच, “नाहीतर नको सांगूस. मला काही सुचत नाही.” तीन दिवस ती ते ओझं घेऊन घरात वावरत होती. अण्णांसमोर जायची, तोंड उघडायची, आणि “चहा टाकू?” असं विचारून परत यायची.

तिनं दिवा बंद केला आणि लवकर जायची परवानगी मागितली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दुपार उतरत होती आणि काचेतून येणाऱ्या उन्हात धूळ इतकी हळू फिरत होती की आपला थांबा कधीच येणार नाही असं तिला वाटलं, आणि आला नाही तरी चालेल असंही वाटलं. दुकानांच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, शिडीवर चढून भिंत रंगवणारा माणूस, सगळं पाण्याखालून दिसावं तसं मागं जात होतं. पिंपाची घरघर अजून कानात होती. ती उतरली तेव्हा साडेपाच होत आले होते.

बागेच्या टोकाला वाळूचा हौद होता. अण्णा त्याच्या कठड्यावर बसले होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, पायजमा घोट्याच्या वर, पावलं वाळूत बुडालेली. परवाच तिनं दिलेला बदली फोन, कोरा करकरीत, वाळूच्या डोंगरावरून चढत होता आणि त्याच्यामागं भाची रांगत होती.

“आजोबा, घाट आला!”

“गिअर बदल,” अण्णा म्हणाले. “आणि हॉर्न दे. वळणावर हॉर्न दिल्याशिवाय जायचं नसतं.”

भाचीनं हॉर्न दिला. अण्णांनी हात वर करून समोरची, न दिसणारी गाडी थांबवली आणि हिला वाट करून दिली.

ती झाडाआड उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. सहा महिने! सहा महिने आपण या माणसासमोर एकेक शब्द तोलून बोललो, आणि हा इथं रहदारी सांभाळत बसलाय. पण खरं सांगायचं तर आईच्या मागं अण्णांना असं बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं, आणि हे मोडेल म्हणून तिचा पाय पुढं पडत नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भाचीनंच मान वर केली.

“आत्या!”

अण्णांचा हात हवेतच राहिला. बाकावर बसून बटण शिवत असलेल्या सांभाळणाऱ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि सुई कापडात खोचून ठेवली.

ती येऊन कठड्यावर अण्णांच्या शेजारी बसली.

“वाचनालय छान आहे,” ती म्हणाली.

“उजेड बरा येतो इथं,” अण्णा म्हणाले.

भाची पुन्हा घाटाला लागली होती.

“तिला माहितीय तुम्ही कोण ते?”

“काय माहिती असायचंय? आजोबा म्हणते. इथली सगळीच पोरं म्हणतात. म्हाताऱ्याला दुसरं काय म्हणणार?” त्यांनी पावलांवर आणखी वाळू ओढली. “मला चालतं.”

तिनं एकदाचा श्वास घेतला. “अण्णा, शनिवारी...”

“माहितीय. तिला खिडकी मिळणार आहे. पंख दिसतो ती. मागच्याच आठवड्यात सांगितलंन तिनं.” त्यांनी बोटानं वाळूत रेघ ओढली आणि पुसली. “तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. तू आपली चहा विचारतेस.”

तिला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत.

“पाच वर्षं म्हणजे फार नव्हेत,” अण्णा म्हणाले. “तिला काही हे सगळं आठवायचं नाही, बरंच आहे ते. मला आठवेल.” मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पायानं चपला चाचपल्या. “उठायला हवं. सहाला तो येतो तिला न्यायला. मी पावणेसहाला निघतो.”

“सहाला कुठं?” बाई न राहवून म्हणाल्या. “साहेब साडेपाचलाच येतात. फाटकाबाहेर सायकली लावतात ना, तिथं उभे राहतात. तुम्ही त्या मागच्या दारानं गेलात की मगच आत येतात. मी म्हटलं एकदा, अहो, आत या की. तर म्हणाले, राहू द्या बाई, खेळू दे दोघांना.”

अण्णांचा एक पाय चपलेत गेला होता. तो तसाच राहिला.

“कधीपासून?” तिनंच विचारलं.

“झाले की तीन-चार महिने. मी आपली समजले, पोरगी रमलीय म्हणून थांबतात.” बाईंनी आवाज खाली आणला. “आत्ताही आहेत.”

फाटकाकडून ऊन अगदी आडवं येत होतं. तिकडं पाहिलं तर डोळ्यांवर नुसता उजेड आला असता. कुणी पाहिलं नाही. पलीकडच्या झोक्याची साखळी कुरकुरत होती, थांबत होती, पुन्हा कुरकुरत होती. पावणेसहा वाजून गेले. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते. त्यांचा जबडा दोनदा हलला, जसा चार वर्षांपूर्वी दारात हलला होता, आणि तिनं मनातल्या मनात हात जोडले.

“इकडं ये गं,” अण्णा म्हणाले.

भाची आली. त्यांनी तिचे दोन्ही तळहात उलटे करून वाळू झटकली, नीट, बोटांच्या मधलीसुद्धा.

“तिकडं सायकलींपाशी तुझा बाबा उभा आहे. त्याला म्हणावं, उन्हात कशाला ताटकळतोस? आत ये.”

“आणि?”

“आणि काही नाही. एवढंच सांग.”

ती पळत सुटली. अण्णा जरा सरकले आणि कठड्यावर आणखी एकाला बसता येईल एवढी जागा केली.