उत्तरेकडची भिंत

"डावीकडे. अजून जरासा," खालून मेत्रो ओरडला. त्याच्या हातात ओळंबा होता आणि एक डोळा मिटलेला.

शिडीवरच्या बोहदाननं पत्रा केसभर सरकवला. वाऱ्यानं तो हातातल्या हातात थरथरला.

"बस. आता आवळ."

स्क्रू फिरला, रबरी वॉशर चपटा झाला आणि बोहदाननं यंत्र थांबवलं. आणखी आवळलं तर रबर फाटतं आणि पाणी आत येतं, हे त्याला या म्हाताऱ्यानंच शिकवलं होतं, जावई म्हणून तो या शेतावर आला त्या वर्षी. लारिसाला, मेत्रोच्या एकुलत्या एक मुलीला, जाऊन आता तीन हिवाळे झाले होते. जावई मागे राहिला होता. राहा असं कुणी म्हटलं नव्हतं, जा असंही नाही. सकाळी म्हातारा कॉफीचे दोन मग मांडायचा आणि बोहदान दुसऱ्यासमोर येऊन बसायचा.

आणि आता ही कार्यशाळा. उन्हाळ्यात काँक्रीट ओतलं, त्याच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या घातल्या, वर लाकडी सांगाडा उभा केला. बाहेर उणे तीस असो की चाळीस, आत माणसानं नुसत्या सदऱ्यावर काम करावं अशी. मेत्रो जावयासाठी महाल बांधतोय, असं सगळा गाव म्हणायचा. चर्चच्या हॉलमधल्या जेवणात बायका बोहदानच्या ताटात बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी जास्तीचे वाढायच्या. "नशीब काढलंस हो!" तो मान हलवायचा. घास तोंडात घोळत राहायचा.

तिकडे शहरात, सॅस्कटूनला, जनीन होती. बर्फ वितळत असताना तिनं विचारलं होतं, "येतोस इकडे कायमचा?" म्हाताऱ्याचं पीक निघू दे, असं तो म्हणाला होता. पीक निघालं. मग म्हणाला, छप्पर होऊ दे. परवा तिचाच फोन आला. "भांडत नाहीये मी," ती म्हणाली. "पण वाट बघून दमले रे."

दुसरा पत्रा चढला, मग तिसरा. बाकीच्या तिन्ही भिंती झाल्या होत्या, ही शेवटची. पत्रा कापायची कात्री आणायला बोहदान आत गेला. काल इथे सांगाड्यावरच्या पांढऱ्या वेष्टनातून उजेड झिरपत होता. आज कोपऱ्यातल्या अंधारात कात्री चाचपडत शोधावी लागली. ती सापडल्यावरही तो तिथेच उभा राहिला. लेथ या कोपऱ्यात येईल. भट्टी त्या. मग तो इथेच म्हातारा होईल, सदऱ्यावर, उबेत.

बाहेर येऊन, लारिसा बापाला मारायची तीच हाक मारत तो म्हणाला, "तातो, मला जरा बोलायचं होतं."

"बोल की."

तोंड उघडलं आणि शब्द निघाला, "खिडकीपाशी पत्रा कापावा लागेल."

"तो तर लागेलच," मेत्रो म्हणाला.

तेवढ्यात अंगणात एक ट्रक शिरला. पलीकडच्या गावचा डार्सी उतरला. कपाटं, टेबलं करणारा. हात पुसतच तो म्हाताऱ्याबरोबर आत गेला. बोहदान पुन्हा शिडीवर चढला. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून आतलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"करवत कुठे ठेवशील?" मेत्रो विचारत होता. "आत्ताच सांग, म्हणजे वायर तिथवर ओढतो."

"या दाराजवळ, मेत्रोकाका. आणि गोंदाचं काम मागे. गॅरेजमध्ये थंडीनं गोंद धरतच नाही बघा."

"आणि बायकोला घरातल्या वरच्या दोन खोल्या पसंत आहेत ना?"

"पसंत? पडदे शिवायला बसलीय ती."

ट्रक गेला. बोहदान खाली उतरला.

"तातो, हे काय आहे?"

"भाडेकरू. बर्फ काढेल. घरात माणसांचा आवाज राहील."

"मला वाटलं, हे माझ्यासाठी चाललंय."

"तुझ्यासाठीच चाललंय." म्हाताऱ्यानं ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "नुसतं जा म्हटलं असतं, तर गेला असतास? मला इथे एकट्याला टाकून?"

बोहदाननं नकारार्थी मान हलवली.

"मग? दर रविवारी ट्रक धुऊन माणूस काय बियाणं आणायला जातो? नाव काय तिचं?"

"जनीन." या अंगणात ते नाव त्यानं आजवर उच्चारलं नव्हतं. "पण आता उशीर झाला असेल, तातो."

"झालाच असेल. लारिसा असती तर कान उपटले असते तुझे, एवढा वेळ लावलास म्हणून." म्हातारा नाक शिंकरायला वळला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तसाच उभा राहिला. "विचारून तरी बघ."

बोहदाननं हातमोजे काढले. बोटं गारठली होती, नंबर दोनदा चुकला. मग पलीकडे घंटी वाजू लागली. वाजत राहिली.

मागे पत्रा खडखडला. म्हाताऱ्यानं एकट्यानंच तो उभा केला होता आणि वारा तो त्याच्यावर वाकवत होता. बोहदान फोन कानाला तसाच ठेवून तिकडे धावला.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला.

मेत्रोनं पत्र्याला खांदा लावला. मागे वळून पाहिलं नाही.

"मी धरलाय," तो म्हणाला. "तू बोल."