काळ्या रानातला रुंद टायर

मित्रांनो, ते साल दोन हजार एकोणीस होते. महिना जानेवारीचा, आणि मी अगदी नवा होतो. आज मला पाहून तुमचा यावर विश्वास बसणार नाही. सोलापुरात बेगम पेठेतल्या एका सायकल दुकानाच्या पत्र्यावर पडलेला, अर्धा कापून नेलेला जुना टायर, ही आज माझी ओळख आहे. माझ्या खोबणीत पाणी साचते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळतात. वरून कबुतरे घाण करतात. शेजारच्या गच्चीवरून कुणी गुटखा खाऊन थुंकले की शिंतोडे माझ्या अंगावर येतात. या सगळ्याची मला शिसारी येते. पण सर्वांत जास्त शिसारी ज्या गोष्टीची येते, ती या पत्र्यावर घडलेली नाही. ती मोहोळच्या बाहेर एका रानात घडली, आणि तिच्यात मी स्वतः होतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. मी डोंगरवाटेच्या सायकलीचा टायर. रुंदी अडीच इंच, आणि अंगभर दाट रबरी उंचवटे. सोलापुरात त्यांना बटने म्हणतात आणि माझ्यासारख्याला बटन टायर. माझ्या कागदी पट्टीवर मोठमोठ्या दगडांचे चित्र होते. नव्या रबराचा वास मला फार आवडे. धूळ म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायचेही नव्हते.

मला मागवले उदयसिंह सरांनी. ते एका कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, मूळचे नागपूरकडचे. पांढरे स्वच्छ बूट घालत आणि खिशात घडी घातलेला पांढरा रुमाल ठेवत. मला पाकिटातून काढून ते सगळ्यांना म्हणाले, "हा पाहा. टायर नाही, रणगाडा आहे." मला तेव्हा त्यांच्यासारखा माणूस जगात दुसरा नाही असे वाटले.

त्या कॉलेजची एक डोंगरवाटेची सायकल होती आणि ती ऋतुजा चालवी. मोहोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, बारावीत शिकणारी, सडपातळ, बोलायला कमी. महिनाअखेरीस मोहोळजवळ स्पर्धा होती. पहिल्या चार मुलींना जिल्ह्याच्या संघात घेणार होते. अठराच्या आतल्या गटात खेळण्याचे ऋतुजाचे ते शेवटचे वर्ष होते. मागच्या वर्षी ती सहावी आली होती. बारावीनंतर सायकल बंद, असे घरून सांगितले होते; मात्र संघात नाव आले तर बघू, असे तिची आई केराबाई म्हणाली होती. त्या 'बघू'वर ती मुलगी रोज पहाटे वीस किलोमीटर पायडल मारत होती.

सरांनी मला आणि माझ्या जोडीदाराला सायकलीवर चढवायला इलाहीबक्ष चाचांच्या दुकानात आणले. हेच ते दुकान, ज्याच्या पत्र्यावर मी आज पडलो आहे. चाचांचे वय तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्यांचा एक रिवाज होता. टायर घ्यायला येणाऱ्याने ज्या वाटेवर सायकल चालवायची तिथली मूठभर माती पुडीत बांधून आणायची. माती नसेल तर चाचा नुसते पंक्चर काढून देत, टायर देत नसत.

ऋतुजाने वहीच्या कागदात दोन पुड्या आणल्या होत्या. चाचांनी पहिली उघडली. ती माळावरची होती, तांबूस मुरमाची. त्यांनी चिमूट तळहातावर घेतली आणि मित्रांनो, काय सांगू, तिच्यावर ते थुंकले. मग अंगठ्याने ती मळू लागले. माती जमेना, तशीच भुसभुशीत सुटी राहिली. चाचांनी मान हलवून सांगितले की इथे रुंद टायर चालेल, बटने दाट हवीत आणि हवा जरा कमी, म्हणजे टायर खड्यांना धरून राहील. सोलापुरात जो तो हवा टाईट मागतो, डांबरीवर ते ठीक आहे, मुरमावर टाईट टायर नुसता उड्या मारतो, असेही ते म्हणाले.

दुसऱ्या पुडीत काळी माती होती. चाचा पुन्हा थुंकले, पुन्हा मळले. त्या मातीची गोळी झाली, गोळीची वात झाली आणि वात त्यांनी करंगळीभोवती गुंडाळली तरी तुटली नाही. माझ्या कोऱ्या करकरीत अंगाला तो हात लागणार या कल्पनेने मी आक्रसून गेलो.

"ही कुठली, बेटी?" चाचांनी विचारले.

"शेवटचा टप्पा हाय. मुक्ताबाईच्या रानातला."

चाचांनी मला उचलून बाजूला ठेवले आणि खुंटीवरचे दोन जुने टायर काढले. पावणेदोन इंच रुंदीचे, विरळ आणि उंच बटनांचे. ते समजावून सांगू लागले की चिकट माती दाट बटनांत अडकून बसते. रुंद टायर आणि फ्रेम यांच्यात बोट जाईल एवढीही फट नसते, मग माती तिथे भरते आणि चाक अडते. अरुंद टायर चिखल कापत जातो आणि विरळ बटने तो झटकून टाकतात. माळावर पोरीला थोडे हळू जावे लागेल, पण रानात ती पार होईल. तसा ओलावा नसला तर प्रश्नच नाही, पण काळ्या रानाचा भरवसा धरू नये.

सरांनी तोवर रुमाल नाकाला लावला होता. त्यांनी मोबाईल काढून नकाशा दाखवला. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रात शेवटचा टप्पा हिरवागार दिसत होता. संयोजकांच्या कागदावरही लिहिले होते, 'शेवटचा टप्पा रानातून.' सर म्हणाले की हिरवे म्हणजे झाडी, झाडी म्हणजे मुळ्या आणि दगड, आणि त्यासाठीच हा टायर बनवलेला आहे.

"सर," ऋतुजा हळू म्हणाली, "आमच्याकडं रान म्हंजे शेत. हिरवं दिसतंय ती हरभरा हाय."

सर हसले. "रान म्हणजे जंगल. एवढं मराठी मला पण येते. अन् शेताला शेतच लिहिलं असतं ना, नाही तर वावर." मग चाचांकडे वळून म्हणाले, "थुंकून टायर निवडते काय कोणी?"

सायकल कॉलेजची होती. चाचांनी हात फडक्याला पुसले आणि मला चाकावर चढवले. ऋतुजाने खाली पडलेला पुडीचा कागद उचलला, घडी केली आणि दप्तरात ठेवला. स्पर्धेचा मार्ग पाहायला सर एकदाही मोहोळला गेले नाहीत. बूट खराब झाले असते.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मला आनंद झाला. घाणेरड्या हाताचा म्हातारा हरला आणि रुमालवाला माणूस जिंकला, असे मला वाटले. माझी अक्कल तेवढीच होती.

स्पर्धा रविवारी सकाळी सुरू झाली. आधी डांबरी रस्ता होता, तिथे मी घरघरत मागे पडलो आणि ऋतुजा सातवी होती. मग माळ लागला. तिथे मात्र माझी ऐट पाहण्यासारखी होती. मुरूम निसटत होता, खडे उडत होते, बाकीच्या सायकली घसरत होत्या आणि मी जमीन धरून चढत होतो. टेकडी उतरलो तेव्हा ऋतुजा दुसरी होती. तिच्या पायांतला जोर मला दांड्यांतून जाणवत होता. ती एकदा स्वतःशीच हसलीही.

टेकडीखाली बांध ओलांडला आणि रान आले. एकही झाड नव्हते. दोन्ही बाजूंना हरभरा आणि मधून काळी वाट. ही वाट आठवड्यापूर्वी कोरडी होती. पण शुक्रवारी कालव्याला पाणी सुटले होते आणि शनिवारी रानाच्या मालकीण मुक्ताबाईंची पाण्याची पाळी होती. पाळी चुकली तर पुढचे पाणी कधी, कोण सांगणार? त्यांनी रात्रीतून हरभरा भिजवला, आणि पाणी वाटेवर फुटले.

पहिल्या वीस पावलांतच माझी बटने भरली. तो नुसता चिखल नव्हता. त्यात कुजलेले शेणखत होते, सडलेला पाला होता, चिरडलेल्या गोगलगायींचा बुळबुळीतपणा होता. प्रत्येक फेऱ्याला एक थर, त्यावर दुसरा थर. माझे नाक, डोळे, सगळे बुजले. तो वास माझ्या अंगातून पुढे वर्षभर गेला नाही. मग फ्रेमची फट भरली आणि मी थांबलो. फिरणे हे माझे एकच काम, आणि मी थांबलो.

ऋतुजा उतरली. आधी काडीने, मग बोटांनी तिने माती उकरली. दहा पावले पुढे जाताच मी पुन्हा भरलो. तिने पुन्हा उकरले. तिची नखे रक्ताळली. मागून एक मुलगी अरुंद टायरवर पचपच करत निघून गेली, मग दुसरी. नियम असा होता की बाहेरच्या कुणी सायकलीला हात लावायचा नाही. बांधावर इलाहीबक्ष चाचा उभे होते. ते पहाटेच्या एसटीने आले होते आणि त्यांच्या पिशवीत ते दोन जुने टायर होते. शेजारी हातात खोरे घेऊन मुक्ताबाई उभ्या होत्या.

"माज्या पाण्यानं पोरीचा घात केला की," मुक्ताबाई म्हणाल्या.

"पाण्याची काय चूक, मावशी," चाचा म्हणाले आणि ऋतुजाला ओरडून सांगितले, "खांद्यावर घे, बेटी. चाक आता फिरत नाय."

तिने चिखलाने दुप्पट जड झालेली सायकल खांद्यावर घेतली आणि ती चालू लागली. मी तिच्या कानाजवळ लोंबत होतो. माझ्या अंगावरची घाण तिच्या मानेवर, गालावर, ओठांवर गळत होती. ती रडत नव्हती, फक्त मोजत होती. पावले मोजत होती. शेवटच्या रेषेआधी आणखी एक मुलगी तिला ओलांडून गेली. ऋतुजा पाचवी आली. चौथीच्या मागे अकरा पावले.

रेषेपलीकडे सर एका वार्ताहराशी बोलत उभे होते. मुलगी गुणी आहे, पण शेवटी दम कमी पडला, असे ते सांगत होते. वार्ताहर लिहून घेत होता. ऋतुजाने सायकल खाली ठेवली. तिने माझ्या अंगावरून मूठभर चिखल ओरबाडला, सरांसमोर गेली, त्यांचा हात धरून उलटा केला आणि तळव्यावर तो चिखल ठेवला.

"सर, ह्याला रान म्हंत्यात."

एवढे बोलून ती हातपाय धुवायला निघून गेली. सरांनी तोंड वाकडे करून रुमाल काढला आणि बोटांच्या बेचक्यांतून तो चिखल पुसत राहिले. 'दम कमी पडला' हे शब्द मात्र त्यांनी परत घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते तसेच छापून आले. मित्रांनो, शेणाची, गोगलगाईची, थुंकीची शिसारी पाण्याने जाते. त्या तीन शब्दांची अजून गेलेली नाही. आणि मी त्यांच्याच बाजूचा होतो, हे आठवले की माझ्या उरलेल्या रबरालाही घाण वाटते.

त्यानंतर कित्येक वर्षे मला कुणी धुतले नाही. चाचांनी मला उतरवून पत्र्यावर टाकले, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. तिथून मी सगळ्यांचे पुढचे पाहिले आणि ऐकले.

उदयसिंह सर दोन वर्षांनी नागपूरला परत गेले. तिथल्या स्पर्धांआधी ते अजूनही ऋतुजाला मातीचे फोटो पाठवतात आणि विचारतात, कोणता टायर? चुकलो, असे त्यांनी कधी लिहिले नाही. ती मात्र दर वेळी उत्तर देते, आणि फोटोवरून कळत नाही, ओली करून गोळी होते का बघा, असे शेवटी लिहिते.

मुक्ताबाई अजून हरभरा लावतात. स्पर्धेच्या आठवड्यात पाण्याची पाळी आली, तर त्या आधी निरोप धाडतात. संयोजकांनी कागदावर आता 'काळे रान, शेत' असे लिहायला सुरुवात केली आहे.

ऋतुजाच्या सायकलीचे घरी वर्षभर नाव निघाले नाही. मग केराबाईंनीच एके दिवशी तो वहीचा मातकट कागद दप्तरात पाहिला आणि विचारले, हे काय जपून ठेवलेस? ऋतुजाने सगळे सांगितले. केराबाई म्हणाल्या, "तुजा दम न्हाई कमी पडला, मग बसलीस कशाला?" ती संघात कधी गेली नाही, वय निघून गेले होते. पण तिने खेळाच्या शिक्षकाची पदवी घेतली आणि आज ती मोहोळच्या मुलींना सायकल शिकवते. चाचांचे हात आता थरथरतात, म्हणून शनिवार-रविवार ती दुकानातही बसते.

आणि मी? सराट्यांचे काटे असलेल्या वाटेवर जाणाऱ्या टायरला आतून जुन्या रबराचा तुकडा लावतात, त्याला गेटर म्हणतात. गेल्या वर्षी ऋतुजाने मला पत्र्यावरून खाली घेतले, साबणाने धुतले आणि माझा अर्धा भाग कापून चार मुलींच्या टायरांत बसवला. तिथे मी अंधारात असतो. मला कुणी पाहत नाही, पण काटा आधी मला लागतो. उरलेला अर्धा मी इथे वर आहे.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. मला किंवा माझ्या कुठल्याही भावाला विकत घ्याल तेव्हा आमची रुंदी पाहून, पट्टीवरचे चित्र पाहून भुलू नका. ज्या वाटेने जायचे आहे तिथे आधी जाऊन या, आणि तिथल्या माणसाने काही सांगितले तर ते ऐका.

परवाच एक लहानशी मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, "ताई, मला ती रुंद टायर द्या की, लई भारी दिसतंय."

"वाट कशाची हाय, ते आधी सांग," ऋतुजा म्हणाली. "टायर मागनं."

मुलीने पुडी पुढे केली. ऋतुजाने माती तळहातावर घेतली, तिच्यावर थुंकली आणि अंगठ्याने मळू लागली. मी पत्र्याच्या कडेवरून पाहत होतो. मला शिसारी आली नाही.