मीराबाईंची रोजची एक ओळ

मी पेपरचा स्टँड बोलतोय. आयुष्यभर उभाच आहे, त्यामुळे दमलोय. बोलणं जरा सावकाश झालं तर सांभाळून घ्या.

घराच्या छपरासारख्या दोन्ही बाजूंनी उतरत्या दोन फळ्या, खाली चार पाय, आणि पेपर उडू नये म्हणून मध्ये एक पितळी पट्टी, असं माझं रूप. माणसं माझ्यासमोर उभी राहतात, कोपरं टेकतात आणि वाचतात. माझं लाकूड एका बोटीचं. ती माझगावच्या गोदीत मोडीत निघाली आणि तिच्या सागवानातून तिथल्याच एका सुताराने मला घडवलं.

पहिली काही वर्षं मी ठाकूरद्वारच्या एका वाचनालयात काढली. कचेरीतून परतताना धोतर-कोटातली मंडळी यायची आणि मनातल्या मनात वाचायची. एक गृहस्थ नको असलेल्या पानावरही छत्री आडवी ठेवायचे, दुसऱ्या कुणी ते घेऊ नये म्हणून. बोटाला थुंकी लावून पान उलटणारे तर सगळेच. पुढे तिथे नवं फर्निचर आलं आणि मला लालबागच्या एका चाळीला देऊन टाकलं. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत चाळीच्या मंडळाचं मोफत वाचनालय होतं. एक बाक, एक कपाट आणि मी.

तिथे पहिल्याच संध्याकाळी मी दचकलो, कारण पेपर मोठ्याने वाचला जात होता.

वाचणारा होता दत्ताराम. मालवणकडचा माणूस, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला. मागांच्या खडखडाटात दिवस काढायचा, म्हणून साधं बोलला तरी हाक मारल्यासारखं वाटायचं. पहिली पाळी सुटली की तोंडावर पाणी मारून तो थेट माझ्याकडे यायचा. मागे पंधरा-वीस माणसं जमायची. त्यातल्या बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांना होती त्यांनाही ऐकण्याची सवय लागली होती. दत्ताराम ओळीखाली बोट धरून वाचायचा. बातमी संपली की पेपरवरून मान वर काढून तीच पुन्हा आपल्या भाषेत सांगायचा. त्या वेळी त्याचा सगळा भार माझ्यावर यायचा. मला तो जाणवायचा, पण जड कधी वाटला नाही.

खोलीच्या पायरीवर मीराबाई बसायच्या. त्या विधवा होत्या, चाळीतच त्यांची खानावळ होती. आत पुरुष, म्हणून त्या पायरीच्या वर कधी चढल्या नाहीत. तांदूळ निवडत निवडत ऐकायच्या, मधूनच एखादा प्रश्न विचारायच्या, आणि तो नेमका सगळ्यांच्या मनातला असायचा.

मग मुंबईचं काय होणार, हा एकच विषय उरला. पेपर यायचा तोच गरम. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही ही बातमी दत्तारामनेच वाचली. वाचून झाल्यावर कुणीही त्याला ती पुन्हा सांगायला लावली नाही. त्या दिवसांत त्याला सकाळीही वाचावं लागे आणि संध्याकाळीही. वरच्या मजल्यावरची माणसं तिसऱ्यांदा वाचायला लावत. त्याची छाती मुळातच कापसाच्या तुसाने भरलेली. वाचताना तो मध्येच थांबायचा, माझी कड घट्ट धरायचा आणि खोकला ओसरला की पुढे सुरू करायचा. भायखळ्याच्या डॉक्टरांनी त्याला आवाज चढवायची मनाई केली होती. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत शहर पेटलं. रस्त्यावर गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि नेमका तेव्हाच दत्ताराम तापाने अंथरुणाला खिळला. चाळीतली शिकलेली पोरं मोर्चांतून घरी परतलीच नव्हती. काहींना पोलिसांनी उचललं होतं. पेपर मात्र आला आणि कुणीतरी तो माझ्यावर पसरला. माणसं जमली, पण वाचणार कोण?

गणपत पुढे झाला. तोही साचेवाला, दत्तारामच्या शेजारच्या मागावरचा. दत्ताराम वाचायचा तेव्हा हा खांद्यावरून डोकावून माना डोलवायचा, त्यामुळे याला वाचता येतं असा सगळ्यांचा समज होता. संचारबंदी कधी उठणार ते आधी बघ, असं मीराबाईंनी पायरीवरून सांगितलं. त्यांच्या खानावळीत जेवणारे काही गडी समोरच्या चाळीत राहायचे आणि आदल्या दिवसापासून उपाशी होते. गणपतने पानावर बोट ठेवलं. ते साबणाच्या जाहिरातीवर होतं. मला ते समजत होतं, पण लाकडाला बोलता कुठे येतं? थोडा वेळ ओठ हलवून तो म्हणाला, दुपारी बारापासून सूट आहे.

बारा वाजता मीराबाई डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन रस्त्यावर उतरल्या. सूट तेव्हा नव्हतीच. शिपायाची लाठी त्यांच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडलं आणि भाकऱ्या रस्त्यावर पडल्या.

दत्ताराम उठून हिंडू-फिरू लागला तेव्हा त्याला हे समजलं. गणपतला वाचताच येत नाही हे मीराबाईंनी ओळखलं होतं, पण ते त्यांनी दत्तारामला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. पेपर चुकीचा कळला, एवढंच त्या म्हणत. पण एका दुपारी खोलीत दुसरं कुणी नसताना त्या पायरी चढून आत आल्या. हात गळ्यात बांधलेला होता. माझ्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “भाऊ, माका वाचूक शिकवा. तुमचो घसो बसलो तर आमी काय करूचा?”

दत्तारामने वाद घातला नाही. आदल्या दिवशीचा पेपर काढून माझ्यावर लावला.

त्याची पद्धत साधी होती. ताजा पेपर तो त्यांना कधी द्यायचा नाही. काल ऐकलेल्या बातमीची एकच ओळ. काय लिहिलंय ते आधीच ठाऊक असायचं, ते कसं लिहिलंय तेवढंच शोधायचं. मोडलेला हात कामाचा नव्हता, म्हणून मीराबाई डाव्या हाताचं बोट ओळीखाली फिरवायच्या. पुढे हाड जुळलं तरी वाचायचं बोट डावंच राहिलं. ओळ आली की खानावळीकडे निघायच्या. जाताना ती पुटपुटत जायच्या.

लोक कुरकुरले. बाईमाणूस वाचनालयात कशाला, असं पहिल्यांदा गणपतच म्हणाला. दत्तारामने फक्त त्याच्याकडे बघितलं आणि माझ्यासमोरची जागा मीराबाईंसाठी रिकामी केली. त्यानंतर दुपारच्या वेळी गणपत तिकडे फिरकला नाही.

वर्षं गेली. द्विभाषिक राज्य आलं, सभा झाल्या, निवडणुका झाल्या. मीराबाई एका ओळीवरून अख्ख्या बातमीवर आल्या. दत्तारामचा आवाज मात्र उतरत गेला. आधी ओट्यापर्यंत पोचायचा, मग बाकापर्यंत, शेवटी फक्त माझ्यापर्यंत. गिरणीने त्याला साचेखात्यातून काढून दरवाज्यावर बसवलं. दुसऱ्या कुणी वाचायला घेतलं की लोक म्हणत, दत्तारामच वाचू दे. हे ते प्रेमाने म्हणत. त्या प्रेमाने त्याची दमछाक होतेय, हे मला आणि मीराबाईंनाच दिसत होतं.

साठ सालच्या मे महिन्याची पहिली सकाळ. चाळीला तोरणं लागली होती. खोली भरून माणसं ओट्यावर, जिन्यावर उभी होती. पेपर आला आणि गणपतने तो स्वतः माझ्यावर लावला. दत्ताराम पुढे आला. त्याने पट्टी सरळ केली, पानावरून हात फिरवला. मग बाजूला होऊन बाकावर बसला आणि म्हणाला, “मीराबाई, तुमी वाचा.”

कुजबुज झाली. मीराबाईंनी पदर खोचला आणि डावं बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं. ताजा पेपर त्या पहिल्यांदाच वाचत होत्या. “महाराष्ट्र राज्य आज...” इथवर ठीक आलं. पुढच्या शब्दावर त्या अडल्या. लोकांनी दत्तारामकडे पाहिलं. त्याला तो शब्द दिसत नव्हता, तरी काय असणार ते त्याला नक्की कळलं होतं. पण मांडीवर हात ठेवून तो जमिनीकडे बघत राहिला.

“अ... स्ति... त्वा... त,” मीराबाईंनी जुळवलं. “अस्तित्वात.”

गणपतने हळूच विचारलं, म्हणजे काय?

“म्हणजे आसा,” त्या म्हणाल्या. “आदी नाय होता. आता आसा.”

खोलीतले काही जण रडले. दत्तारामही रडला असेल, पण त्याने मान वर केली नाही. मीराबाईंनी अख्खी बातमी वाचून काढली. फार वेळ लागला, आणि कुणीही घाई केली नाही.

गर्दी पांगल्यावर गणपत तसाच उभा होता. “त्या दिवसा माका वाचूक येत नाय होता,” तो म्हणाला.

“म्हायत आसा माका,” मीराबाई म्हणाल्या. “उद्या दुपारी ये.”

दत्ताराम त्याच महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत गावी निघून गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा दोन्ही कोपरं माझ्यावर टेकून थोडा वेळ उभा राहिला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

वाचनालयात रेडिओ आला. बातम्या आपोआप कानावर पडू लागल्या आणि माझ्यासमोरची गर्दी विरळ झाली. मग त्या खोलीत कॅरम बोर्ड ठेवायला जागा हवी झाली. मंडळ मला जळणात काढणार होतं. मीराबाईंनी गणपतला सांगून मला उचलून खानावळीत आणवलं.

आता मी इथे भिंतीला टेकून उभा आहे. एक पाय हलतो, त्याखाली लाकडाची पाचर घातली आहे. दिवसभर तिरफळाच्या आमटीचा आणि तळणाचा वास येतो. पेपर रोज लागतो. मीराबाई तो कुणालाही वाचून दाखवत नाहीत. काय लिहिलंय असं कुणी विचारलंच, तर भांडी घासता घासता सांगतात, ये, एक ओळ बघ. गणपतला आता अग्रलेखाचा मथळा येतो. जोडाक्षरावर अजून घाम फुटतो.

मला विश्रांती हवी आहे, हे खोटं कशाला सांगू? पण कुणी कोपर टेकलं की मी अजूनही ताठ राहतो. तेव्हा तुम्हीही कधी या. घाई नको, सगळं वाचायलाच हवं असंही नाही. फक्त जेवण झालं की आधी हात धुवा आणि नीट पुसा. या पेपरवर हळदीचे फार डाग पडतात, आणि डागाखालची ओळ नेमकी कुणाला तरी वाचायची असते.