नकाशाबाहेरची खोली

नामदेवराव बिरादारांचा माणसांवर राग होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. ते हैदराबादेत विद्यानगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे, राहायचे नल्लकुंट्यात, आणि दर रविवारी पाच-सहा हौशी मंडळी गोळा करून सकाळच्या गाडीने तांडूरकडे निघायचे. तिथे एका सरकारी माळाखाली चुनखडीची गुहा होती. सरकारला तिचं काही सोयरसुतक नव्हतं. ही मंडळी मात्र पदरमोड करून जायची, फीत धरायची, होकायंत्र लावायची, नकाशा काढायची आणि उरलेला वेळ भिंती घासत बसायची.

घासायला पुष्कळ होतं. गुहेच्या तोंडाशी गावाचा देव होता, त्याच्या दिव्यांनी छत काळं झालेलं. सहलीला येणाऱ्यांनी ऑइलपेंटने नावं लिहून ठेवलेली. छतातून लोंबणाऱ्या चुन्याच्या सुया तर केव्हाच मोडून लोकांच्या शोकेसमध्ये गेल्या होत्या. तारेच्या ब्रशने दगड दुखावतो म्हणून दात घासायचे ब्रश आणायचे. कुणा राजूचं नाव घालवण्यात नामदेवरावांचे कित्येक रविवार गेले, आणि प्रत्येक रविवारी त्यांनी त्या राजूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गावचा पुजारी मल्लय्या पाणी आणून द्यायचा. त्यालाही दिव्याच्या काजळीवरून बोलणी बसायची आणि तो हसून सोडून द्यायचा.

नकाशा काढायची प्रणिता. चिक्कडपल्लीची मुलगी, एका बिल्डरकडे ड्रॉइंगच्या कामाला होती. एका रविवारी ती मागच्या भिंतीतल्या फटीतून पोटावर सरपटत आत गेली आणि इतका वेळ आली नाही की बाहेरचे फटीला तोंड लावून हाका मारू लागले. आली ती चिखलाने माखलेली, आणि दिवा तिने नामदेवरावांच्या हातात दिला. मग नामदेवराव आत गेले. आत एक खोली होती. पांढरीशुभ्र, छतभर सुया, एकही मोडलेली नाही. कुणाचं नाव नाही, काजळीचा ठिपका नाही. रागीट माणूस, पण तिथे त्याने चिखलाचे बूट काढून हातात घेतले.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की ही खोली नकाशात येणार नाही. प्रणिताने मापं घेतली होती, ती वही पुढे करत राहिली. पण गुहा धुंडाळणाऱ्यांत ही रीतच असते. नाजूक जागा कागदावर आणायची नाही, कारण नकाशा म्हणजे राजूला धाडलेलं आमंत्रण. तिलाही ते पटलं. फट दगडांनी बुजवली, आणि नकाशात तिथे तिने ठळक रेघ ओढून भिंत दाखवली.

ते दिवस सिमेंटचे होते. देशाने दारं उघडली म्हणे, आणि हैदराबादेत जिकडेतिकडे फ्लॅट उभे राहू लागले. एका नव्या कंपनीने तो माळ खाणीसाठी मागितला. महसूल अधिकाऱ्यांनी सुनावणी ठेवली, तेव्हा मल्लय्या आख्खं गाव ट्रॅक्टरमध्ये भरून घेऊन आला. म्हातारे, बायका, पोरं. आमचा देव आहे, गुहा देणार नाही, एवढंच ते म्हणत राहिले. अधिकारी भला माणूस निघाला. त्याने प्रणिताचा नकाशा टेबलावर पसरला, तारीफ केली आणि विचारलं, "नकाशा पूर्ण आहे ना? हा संपतो तिथून दोनशे फूट सोडून गुहेची हद्द घालतो, त्यापुढे खाण."

नामदेवरावांनी दालनभर पाहिलं. एका बाकावर कंपनीची माणसं होती. पण त्यांची नजर अडली ती गावावर. यांच्यातलाच कुणीतरी राजू असणार, असं त्यांच्या मनात आलं. ते म्हणाले, "पूर्ण आहे."

जिन्यावर प्रणिताने त्यांना गाठलं. "सर, खोली हद्दीच्या बाहेर राहती. सरपटायची वाटच तीनशे फुटांची आहे, फीत मी धरली होती. अजून साहेब बसलेत, जाऊन सांगू या."

आता नकाशा खोटा म्हटला तर सगळंच हातचं जाईल, असं ते म्हणाले. कंपनी त्या अंगाला यायची नाही, तिकडचा दगड कुचकामी आहे, असंही म्हणाले. ती सर म्हणायची त्या माणसाचं तिने ऐकलं. नसतं ऐकलं तर बरं झालं असतं. परत जाणं म्हणजे पाच पायऱ्या चढण्याचं काम होतं, आणि नामदेवरावांना पुढे जन्मभर त्याच पायऱ्या चढायच्या होत्या.

पावसाळा सरल्यावर गावाने वर्गणी काढून गुहेला लोखंडी दार बसवलं आणि नारळ फोडायला सरांना बोलावलं. सर आणि प्रणिता दाराशी न थांबता आधी मागच्या अंगाला गेले. माळ तिथे अर्धा कापलेला होता. कुचकामी म्हटलेला दगड भरून ट्रक चालले होते. ढिगाऱ्यात पांढऱ्या सुयांचे तुकडे पडलेले, उन्हात चकाकत होते. त्या खोलीत आजवर ऊन कधी शिरलं नव्हतं. नामदेवरावांना हुंदका फुटला, आणि तो त्यांनी आवरला नाही.

हार घेऊन मल्लय्या शोधत आला. हे काय म्हणून त्याने विचारलं. प्रणितानेच त्याला सगळं सांगितलं. मल्लय्याने एक तुकडा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"सार," तो म्हणाला, "बाहेरच्या गुहेसाठी आम्ही आलो नं? हिच्यासाठी बी आलो असतो. आम्हाला काय को नै सांगितलं?"

उत्तर नामदेवरावांपाशी होतं, माणसांचा भरवसा नाही हे. वर्गात, गाडीत, भिंती घासताना ते त्यांनी शंभरदा दिलं होतं. पण समोर मल्लय्या उभा होता, आणि त्याच्या तोंडावर ते देता येईना.

 तिकडे माणसं खोळंबली होती म्हणून मल्लय्याने सरांच्या गळ्यात हार घातला आणि हाताला धरून त्यांना दाराकडे घेऊन गेला.